उत्तरेच्या नगरीत मृतांचा दिवस

काळाचौकीच्या चाळीत हयात घालविलेल्या माणसाला एकटेपणाचे भय वाटत नाही. कारण भय वाटावे इतका एकटेपणा त्याच्या वाट्याला कधी येतच नाही. पहाटे नळावरच्या हंड्याकळशांचा खणखणाट, पाठोपाठ शेजारच्या रेडिओवरील भक्तिगीते, दिवसभर गॅलरीतून ये-जा करणारी मुले, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत तर लालबागपासून आमच्या जिन्यापर्यंत लोटलेला जनसागर! या गजबजाटाबद्दल आम्ही आयुष्यभर कुरकुर केली. 'प्रभो, एकदा तरी शांतता दे,' अशी प्रार्थना आम्ही किती वेळा केली असेल याची गणती नाही. ती प्रार्थना फळास आली ती वयाची पासष्टी उलटल्यावर, आणि तीही मुंबईपासून हजारो मैल दूर असलेल्या स्टॉकहोम नगरीत. फळास आलेली प्रार्थना पदरात कशी बाळगावी हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते.

या प्रवासाची इच्छा मुळात आमची नव्हे. ती आमच्या पत्नीची. परिचारिकेची नोकरी करून दमून घरी आली तरी झोपण्यापूर्वी संत ब्रिजितेच्या नावाने प्रचलित असलेल्या पंधरा प्रार्थना ती चुकवीत नसे. तिच्या जीर्ण पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काळा झगा परिधान केलेल्या त्या संतिणीचे चित्र होते. 'या बाईचा देश एकदा पाहायचा,' असे ती म्हणे. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त स्टॉकहोमला गेला, तेव्हा तिच्या या बोलण्याला धुमारे फुटले. परंतु २०१७ च्या सप्टेंबरात प्रभूने तिला आपल्याकडे नेले आणि तो विषय आमच्या घरातून उठला.

दोन वर्षांनी पुतण्याने पुन्हा आग्रह धरला. 'काकी नाही, पण तुम्ही या,' असे तो म्हणाला. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली होती. आपल्या मुंबईत जिवंतांना जागा नाही, तेथे मृतांना कोठून असणार? ज्या कुटुंबाची कायमची कबर नाही, त्याच्या माणसाला मातीत ठराविक मुदतच मिळते. मुदत सरली की कबर उघडतात, अस्थी काढून कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्या देहासाठी मोकळी होते. शिवडीच्या दफनभूमीतील तिच्या कबरीची मुदत संपत आली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस ती उघडली जाणार होती. यात दोष कोणाचाच नव्हता. आम्ही स्वतः अनेक आप्तांच्या बाबतीत हे पाहिले होते. परंतु काळाचौकीहून पायी चालत जाऊन जिथे दर रविवारी फुले ठेवली, ती साडेपाच-सहा फुटांची जागा आता आपली राहणार नाही, हा विचार आम्हांस सोसवत नव्हता. कदाचित त्या विचारापासून पळ काढण्यासाठीच आम्ही तिकीट काढण्यास होकार दिला असेल.

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी आम्ही स्टॉकहोमला उतरलो. दोन दिवस पुतण्याने सोबत केली, मग कामासाठी त्याला दुसऱ्या शहरी जावे लागले. घराची किल्ली, रेल्वेचा पास आणि भिंतीवर चिकटविलेला सूचनांचा कागद यांच्या हवाली आम्हांस करून तो गेला. तेव्हापासून आम्ही त्या नगरीत एकटे.

नगरी सुंदर आहे, हे आधी सांगून टाकावे. आपली मुंबई सात बेटांची, तर स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेले. मेलारेन सरोवराचे गोडे पाणी शहराच्या मध्यभागी बाल्टिक समुद्रास मिळते, आणि ते इतके स्वच्छ की राजवाड्यासमोरच्या प्रवाहात गळ टाकून लोक मासे पकडतात. आम्ही सात बेटे भराव घालून एक केली आणि मधले पाणी विसरलो. त्यांनी बेटे बेटेच ठेवली आणि पूल बांधले. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या, १४८९ सालापासून तेथील मोठ्या चर्चमध्ये उभे असलेले संत जॉर्ज आणि राक्षसी सर्पाचे भव्य काष्ठशिल्प, १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ साली समुद्रातून वर काढलेले वासा नावाचे जहाज, हे सारे आम्ही डोळे भरून पाहिले. भुयारी रेल्वेची स्थानके खडकात कोरलेल्या लेण्यांसारखी रंगविलेली आहेत. गाडी वेळेवर येते, कोणी कोणास ढकलीत नाही, रांगेत उभेही राहावे लागत नाही; क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी आणि बाकावर बसावे. पालिकेच्या इस्पितळातील रांगा आठवून आम्हांस गहिवरून आले.

पण हळूहळू ध्यानात येऊ लागले की या नगरीत आपला आवाज आपण दिवसदिवस ऐकलेला नाही. बसथांब्यावर माणसे एकमेकांपासून दोन हातांचे अंतर राखून उभी राहतात. आमच्या इमारतीत प्रवेशदारापाशी सर्व भाडेकरूंच्या नावांची सुबक पाटी होती, परंतु ती नावे धारण करणारी माणसे आम्हांस क्वचितच दिसली. जिन्यात पावले वाजली की एखादे उघडू लागलेले दार थबकते, आणि पावले पुढे गेल्यावरच उघडते, असेही एकदा आमच्या लक्षात आले. तळघरात सर्वांना मिळून कपडे धुण्याची खोली होती. भिंतीवरील तक्त्यावर आपली वेळ राखून ठेवायची, वेळ संपताच खोली झाडून निघून जायचे. कोणी नियम मोडला तर शेजारी भांडत नाही. तो चिठ्ठी लिहून चिकटवून जातो. अशी एक चिठ्ठी पुतण्याने आम्हांस वाचून दाखविली होती. भाषा अत्यंत सभ्य होती. आमच्या चाळीच्या नळावर ऐकलेली भांडणे आम्हांस आठवली. ती सभ्य नव्हती. परंतु सकाळी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बायका संध्याकाळी एकमेकींच्या घरी मासळीची आमटी पोहोचवीत, हेही आठवले. चिठ्ठीवर आमटी पाठविता येत नाही.

रविवारी, २७ तारखेस, आम्ही सांता युजेनिया चर्चमध्ये संध्याकाळच्या इंग्रजी मिस्सेस गेलो. त्या रात्री त्या देशातील घड्याळे तासभर मागे घेतात हे आमच्या मनगटावरील घड्याळास ठाऊक नव्हते. त्यामुळे आम्ही एक तास आधीच जाऊन बसलो. त्या तासाने आम्हांस विचार करण्यास अवसर दिला. ज्या देशाने संत ब्रिजितेस जन्म दिला, त्या देशाने तिच्या श्रद्धेस शतकानुशतके थारा दिला नव्हता. सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासा याने रोमशी नाते तोडले. पुढे कॅथलिक होणे हा गुन्हा ठरला. १८५८ साली सहा स्त्रियांना केवळ कॅथलिक झाल्या म्हणून देशाबाहेर घालविण्यात आले. संपूर्ण धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला तो थेट १९५१ साली. आणि आज? १९९८ साली आंदेर्स आर्बोरेलियस हे धर्मसुधारणेनंतरचे स्वीडिश वंशाचे पहिले कॅथलिक बिशप झाले, २०१७ साली ते कार्डिनल झाले. ब्रिजितेच्या संघाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या एलिझाबेथ हेसेलब्लाद यांना २०१६ साली संतपद मिळाले. बी किती काळ जमिनीखाली दबून राहू शकते, पाहा!

मिस्सेस मात्र स्वीडिश चेहरे थोडेच होते. फिलिपाईन्स, पोलंड, इरिट्रिया, इराक आणि अर्थात आपले केरळ! त्या मंदिरात माणसे एकमेकांना खेटून बसली होती. शांतीचे अभिवादन करताना शेजारच्या तरुणाने आमचा हात दोन्ही हातांत धरला. एकटे राहिल्यापासून प्रथमच कोणी आम्हांस स्पर्श केला होता. मिस्सेनंतर कॉफी घेता घेता आम्ही अर्धा तास अखंड बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही.

त्या पुढचा शनिवार होता २ नोव्हेंबर, म्हणजे आपला मृतांचा दिवस. स्वीडनमध्ये सर्व संतांचा दिवस ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी पाळतात. त्या वर्षी तो नेमका आपल्या दिवसाशी जुळून आला. दरवर्षी या दिवशी आम्ही शिवडीस असतो. मेणबत्त्यांची पुडकी, झेंडूच्या माळा, फादरांच्या आशीर्वादाच्या पाण्यासाठी कबरीपाशी थांबलेली कुटुंबे, 'आमच्या आईकडे एक मिनिट या, फादर,' असा चाललेला आग्रह, असे सारे. यंदा तिच्या मातीवर मेणबत्ती लावण्याची शेवटची संधी होती आणि आम्ही ती स्वतःहून गमावली होती. सकाळपासून मन आम्हांस टोचीत होते. अखेर दुपारी भुयारी रेल्वेने शहराच्या दक्षिणेस असलेल्या दफनभूमीकडे निघालो.

स्कोग्सशिर्कोगोर्डेन हे तिचे नाव. अर्थ 'अरण्यातील दफनभूमी'. गुन्नार आस्प्लुंद आणि सिगुर्द लेवेरेंट्स या दोन वास्तुशिल्पींनी ती रचली, आणि १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. स्थानकाबाहेर कबरीवरचे दिवे विकणारी एक टपरी होती. आम्ही नोट पुढे केली. विक्रेत्याने मान हलविली, रोख रक्कम चालत नव्हती. त्या देशात नोटा-नाण्यांचा व्यवहार जवळजवळ संपुष्टात आला आहे. कार्ड दिले, तर यंत्राने ते दोनदा नाकारले. खिशात पैसे असून एक मेणबत्ती घेता येऊ नये! मागे रांग होती. आम्ही शरमून बाजूस झालो.

दोन पावले गेलो असू, तोच कोणीतरी आमच्या बाहीस हलकेच स्पर्श केला. सत्तरीपलीकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या हातात दोन दिवे होते. त्यांतील एक त्यांनी निमूटपणे आमच्या हाती दिला. आम्ही नोट पुढे केली, त्यांनी ती परत सारली. मग त्या चालू लागल्या, आणि आम्हीही त्याच दिशेने, दोन हातांचे ते देशी अंतर राखून.

चार वाजण्याच्या सुमारास तिकडे सूर्य मावळतो. प्रवेशातून आत शिरताच मोकळ्या हिरवळीवर काळ्या ग्रॅनाइटचा एकच प्रचंड क्रूस उभा आहे. त्याच्या पलीकडे पाइन वृक्षांचे अरण्य, आणि वृक्षांच्या पायथ्याशी दृष्टी पोहोचेल तेथवर लहान लहान कबरी. एकही कबर दुसरीहून मिजासखोर नाही. त्या सर्वांवर दिवे लागले होते. हजारो दिवे, हजारो माणसे, आणि आवाज म्हणाल तर वाळल्या पानांवरील पावलांचा तेवढा. मृतांना इतकी जागा आणि इतका मान आम्ही अन्यत्र पाहिला नाही. पुढे समजले की तेथील प्रत्येक नागरिक आयुष्यभर कराबरोबर दफनासाठीची रक्कम भरतो आणि त्याबद्दल पंचवीस वर्षे कबरीची जागा विनामूल्य मिळते. पंचवीस वर्षे! आमच्या घशात काहीतरी दाटून आले. तो मत्सर होता, हे कबूल करावयास हवे.

त्या बाई एका उतारापाशी थांबल्या. तेथे कबरी नव्हत्या, नावे नव्हती. नुसती झाडे, आणि दिवे व फुले ठेवण्यासाठी राखलेली एक जागा. त्या जागेस 'मिनेसलुंद', म्हणजे स्मृतींची राई, म्हणतात. त्यांनी आपला दिवा ठेवला. शेजारी आम्ही आमचा ठेवला आणि 'प्रभो, तिला चिरशांती दे' एवढे मराठीत पुटपुटलो. बाईंनी इंग्रजीत विचारले, "तुमचे कोण?"

"पत्नी. पण ती येथे नाही, मुंबईस आहे."

"माझे पती येथे आहेत," त्या म्हणाल्या, आणि हाताने सारा उतार दाखविला. "नेमके कुठे, ते मला माहीत नाही."

आम्हांस उमगेना. तेव्हा त्यांनी समजावून दिले. मिनेसलुंदमध्ये रक्षा कर्मचारी विसर्जित करतात किंवा पुरतात. कुटुंबातील कोणी त्या वेळी हजर नसते आणि नेमकी जागा कोणासच सांगितली जात नाही. पतीची तशीच इच्छा होती. मागे राहणाऱ्यांवर कबर राखण्याचा भार नको. "सुरुवातीस मला राग आला होता," त्या म्हणाल्या. "आता मी सगळ्या झाडांसाठी एकच दिवा आणते. आज दोन का घेतले, मलाच ठाऊक नाही."

मग त्यांनी आमच्याकडील रीत विचारली. आम्ही सांगितले की पत्नी रात्री वारली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला माती दिली. त्या चकित झाल्या. त्यांच्याकडे कायद्याने एक महिन्याची मुदत असते, आणि बहुधा आठवडे लोटल्यावरच अंत्यविधी होतो. "एका दिवसात लोकांना बोलावता कसे?" त्यांनी विचारले. बोलवावे लागत नाही, असे आम्ही म्हणालो. चाळीतील सारी बिऱ्हाडे रात्रभर जिन्यात बसून होती. आमच्या घरी चूल पेटली नाही, पण चहा आणि भाकरी तीन दिवस कोठून कोठून येत राहिली. शवपेटीस खांदा देणाऱ्यांत आपले लोक थोडे, वारकरी शेजारी अधिक.

"सारी इमारत?" त्यांनी पुन्हा विचारले.

"सारी इमारत."

त्या बराच वेळ दिव्यांकडे पाहत राहिल्या. "आम्ही सहा जण होतो," त्या म्हणाल्या. आमच्या मत्सराचे काय झाले ते सांगता येत नाही. परंतु तो त्या क्षणी राहिला नाही. थंडी वाढली तेव्हा त्यांनी मान लववून निरोप घेतला आणि पाइनच्या वाटेने निघून गेल्या. आम्ही त्यांचे नाव विचारले नाही, त्यांच्या पतीचेही नाही. त्या देशाचा संकोच दहा दिवसांत आमच्याही अंगी भिनला होता.

परतीच्या प्रवासात संत ब्रिजितेची कथा आम्हांस नव्याने आठवली. तीही आठ मुलांची आई, १३४४ साली विधवा झालेली. पुढे ती रोमला गेली ती कायमचीच. १३७३ साली तेथेच तिचा अंत झाला. मग तिच्या लेकरांनी तिच्या अस्थी सारा युरोप ओलांडून स्वीडनमधील वादस्तेना येथे नेल्या. आमच्या पत्नीची लाडकी संतीणसुद्धा पहिल्या मातीत राहिली नव्हती. अस्थी हलविणे म्हणजे विटंबना नव्हे, ती पोरांनी आईला घरी नेण्याची रीतही असू शकते, हे इतके दिवस आमच्या ध्यानी आले नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीस कबर उघडण्याचा दिवस आला. हे काम एकट्याने उरकावे अशा विचाराने आम्ही कोणास काही बोललो नव्हतो. परंतु चाळीत गोष्ट लपत नाही. सकाळी जिना उतरलो तर खाली पाच-सहा शेजारी उभे. त्यांतील वडीलधाऱ्या आजी रागावून म्हणाल्या, "भाऊ, वहिनींना आणायला तुम्ही एकटेच निघालात? आम्ही कोणीच नाही का तुमचे?" त्यांच्या हातात मोगऱ्याचा गजरा होता. स्टॉकहोमच्या साऱ्या अरण्यात जे आम्हांस मिळाले नव्हते, ते काळाचौकीच्या त्या ओल्या, अंधाऱ्या जिन्यात उभे होते. आणि तरीही, पाइनच्या झाडांखाली पंचवीस वर्षे निवांत पडून राहण्याची जागा तिला देता आली असती तर आम्ही दिली असती, हेही खरेच. दोन्ही गोष्टी मनात आहेत. त्यांचा निवाडा आम्हांकडून होत नाही.

तिच्या अस्थी आता कोनाड्यात आहेत; बाहेर तिचे नाव आहे. रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असे आपल्या धर्मसभेने २०१६ साली स्पष्ट केले. पुढे २०२३ साली अनेकांची रक्षा एकत्र ठेवण्यास परवानगी देतानाही प्रत्येकाचे नाव नोंदलेले असावे, अशी अट घातली. जागा जाते, माती बदलते. नाव मात्र हाक मारण्यासाठी उरले पाहिजे, असा त्याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता लावला आहे.

आपल्या धर्मग्रामात नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या नावांची यादी वेदीपाशी ठेवतात. आमच्या यादीत आई, वडील, पत्नी यांच्या नावांखाली २०२० सालापासून आणखी एक ओळ असते: 'स्टॉकहोमचे एक गृहस्थ'. पहिल्या वर्षी कार्यालयातील मुलीने विचारले, "अंकल, यांचे नाव राहिले का लिहायचे?" आम्ही म्हणालो, "विचारायचे राहिले, बाळा." प्रभूला ते ठाऊक असेलच. पण पुन्हा कधी कोणी परक्या गावी आम्हांस दिवा दिला, तर आधी नाव विचारायचे, एवढे आम्ही ठरविले आहे.